दुष्काळात तेरावा, दुबळ्याला दोन आषाढ

इंग्रजी वर्तमानपत्रांत अलीकडे एक शब्दप्रयोग फार बोकाळला आहे : 'डबल व्हॅमी'. पाऊस पडला नाही आणि डिझेल महागले, की शेतकऱ्याला डबल व्हॅमी. व्याजदर चढले आणि पगार थकले, की मध्यमवर्गाला डबल व्हॅमी. त्याचाच सख्खा भाऊ म्हणजे 'वन-टू पंच'. हा मुष्टियुद्धाच्या आखाड्यातून आला. आमच्या राऊच्या शाळेत इंग्रजीचे शिक्षक रजेवर असले की तो तास माझ्यासारख्या इतिहासाच्या माणसाच्या गळ्यात पडतो, आणि अशाच एका तासाला नववीतल्या एका मुलीने विचारले, "सर, इसको मराठीत काय म्हणतात?" प्रश्नाचे पहिले पद हिंदी, उरलेले मराठी. इंदूरकडे असेच बोलतात. दुभाषी जिल्ह्यांतल्या वाचकांना याचे नवल वाटण्याचे कारण नाही; बेळगावात, बिदरात, बऱ्हाणपुरात थोड्याफार फरकाने हेच चालते.

मी फळ्यावर 'दुहेरी मार' असे लिहिले. पण लिहिताना मनात आले की हा शब्द म्हणजे भाषांतराचा आहे, वर्तमानपत्राच्या टेबलावर तयार झालेला. 'दुहेरी फटका', 'दुहेरी संकट', हिंदीतली 'दोहरी मार', सगळे त्याच साच्यातले. घरात बोलताना आपल्या आया-आज्या असे कधी म्हणाल्या नाहीत. त्या म्हणत, "दुष्काळात तेरावा महिना." आणि शेजारच्या मालवी काकू म्हणत, "दुबले और दो असाढ." या दोन म्हणी शेजारी ठेवल्या तर त्या सख्ख्या बहिणी आहेत हे लगेच ध्यानात येते.

आधी त्या इंग्रजी शब्दाचे मूळ सांगून मोकळा होतो, कारण ते मोठे गमतीचे आहे. 'व्हॅमी' म्हणजे ठोसा नव्हे. व्हॅमी म्हणजे दृष्ट! अमेरिकेत अ‍ॅल कॅप नावाच्या चित्रकाराची 'लिल अ‍ॅबनर' ही चित्रमालिका १९३४ पासून १९७७ पर्यंत वर्तमानपत्रांतून चालली. शब्द त्याच्या आधीपासून बोलण्यात होता, पण १९५१ साली या मालिकेत एक पात्र आले, त्याची नजर वाईट. एक डोळा रोखला तर धडधाकट माणूस आडवा होई. ती साधी व्हॅमी. दोन्ही डोळे वटारले की ती डबल व्हॅमी. म्हणजे आपल्याकडे मीठ-मोहरी ओवाळून जी उतरवतात तीच ही, फक्त दोन्ही डोळ्यांची! पुढे १९९२ च्या ब्रिटिश निवडणुकीत हुजूर पक्षाने मजूर पक्षाविरुद्ध एक जाहिरात काढली. तिच्यावर मुष्टियोद्ध्याचे दोन हातमोजे होते, एकावर वाढते कर आणि दुसऱ्यावर वाढत्या किमती. तेव्हापासून दृष्टीचा ठोसा झाला, आणि दोन्ही शब्द एकमेकांत मिसळून गेले.

'वन-टू'चे मात्र मूळच आखाड्यात आहे. डाव्या हाताचा झटकन मारलेला ठोसा, आणि त्याच्या पाठोपाठ उजव्याचा सणसणीत. पहिल्याने माणूस पडत नाही. पहिल्याने त्याचा बचावाचा हात हलतो, मान वर होते, तोल जातो. पाडतो तो दुसरा. हा बारकावा लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण इतिहासातही बहुधा असेच घडते.

आपल्या भाषेला माराच्या शब्दांचा तोटा नाही. बुक्का वेगळा, गुद्दा वेगळा, ठोसा वेगळा. धपाटा पाठीत बसतो, चपराक गालावर, टोला काठीचा किंवा शब्दाचा. आणि एकत्रित माराचे सगळ्यांत अस्सल मराठी चित्र म्हणजे 'तोंड दाबून बुक्क्यांचा मार'. यात दोन मार आहेत, पण जातीने भिन्न : एक बुक्क्यांचा, दुसरा ओरडता न येण्याचा. इंग्रजी शब्दात ही दुसरी वेदना नाही. 'आगीतून फुफाट्यात' मध्ये दोन संकटे आहेत खरी, पण ती एकामागून एक येतात, आणि माणूस सुटकेच्या आशेने स्वतःच दुसऱ्यात उडी घेतो. 'इकडे आड, तिकडे विहीर' हा तर मारच नव्हे, पेच आहे. मुले या तिन्ही म्हणी उत्तरपत्रिकेत एकमेकींच्या जागी बिनदिक्कत वापरतात आणि मी अर्धा गुण कापतो. हिंदीतली 'कंगाली में आटा गीला' ही मात्र मला फार आवडते. गरिबाच्या परातीत मूठभर पीठ, त्यातही पाणी जास्त पडले. सैल पीठ सावरायला आणखी पीठ हवे आणि ते तर घरात नाही. अर्थशास्त्राचे अख्खे प्रकरण त्या परातीत आहे.

आता तेराव्या महिन्याकडे वळू. चांद्र वर्ष ३५४ दिवसांचे, सौर वर्ष ३६५ चे. दरसालची ही अकरा दिवसांची तूट भरून काढण्यासाठी साधारण साडेबत्तीस महिन्यांनी एक अधिक मास घालावा लागतो; एकोणीस वर्षांत सात. पाऊस सूर्याच्या चालीने येतो, पंचांगाच्या नव्हे. तेव्हा अधिक मासामुळे दुष्काळाचा एक दिवसही खरोखर वाढत नाही. मग म्हण कशी पडली?

मला त्याची कारणे हिशेबाच्या वहीत दिसतात. सालगडी पाडव्यापासून पाडव्यापर्यंत ठरतो, आणि ठरते ती सालाची एकच रक्कम. अधिक मास आला की त्याचे साल ३८४ दिवसांचे होते, रक्कम तीच. तेरा महिने राबायचे आणि बारा महिन्यांचे घ्यायचे. धन्याच्या घरीही सुख नाही. अधिक म्हणजे धोंड्याचा महिना, जावयाला बोलावून तेहेतीस अनारसे वाढायचे, दानधर्म करायचा. कणगीत दाणा नाही आणि जावई दारात! म्हण ज्या बाईने पहिल्यांदा उच्चारली असेल तिच्या डोळ्यांसमोर ग्रहगणित नव्हते, अनारशाचे तांदूळ होते असे मला वाटते.

हिंदीतली म्हण थेट शेतात जाते. आषाढ म्हणजे नांगर-वखराचा, पेरणीचा महिना. उन्हाळाभर वाळका कडबा खाऊन हाडे निघालेला बैल याच महिन्यात सर्वांत जास्त राबतो. त्यात आषाढच दोन आले तर? इथे एक दुभाषी गंमतही सांगायला हवी. आपले महिने अमावास्येला संपतात, मालव्यातल्या शेजाऱ्यांचे पौर्णिमेला. त्यामुळे त्यांचा श्रावण आपल्याआधी पंधरा दिवस लागतो. राऊतल्या एकाच गल्लीत एका घरी श्रावणी सोमवार सुरू होतो आणि दुसऱ्या घरी अजून आषाढ असतो. त्यांच्या पंचांगात अधिक महिना मूळ महिन्याच्या दोन पंधरवड्यांच्या मधोमध बसतो. म्हणजे आषाढ सुरू होतो, मग अधिक आषाढ, मग उरलेला आषाढ. तो बैल जोखडाखाली दोन महिने काढतो असेच म्हणायचे.

आणि ही केवळ म्हण नाही. १९७२ साली अधिक वैशाख होता, आणि त्याच पावसाळ्यात महाराष्ट्रात तो भीषण दुष्काळ पडला, ज्याने गावोगावच्या माणसांना खडी फोडायला नेले. त्या वर्षी 'दुष्काळात तेरावा' म्हणणाऱ्याला उपमा द्यावी लागलीच नाही. २०१५ साली तर अधिक आषाढच आला, १७ जूनपासून १६ जुलैपर्यंत. मराठवाड्यात सलग दुसऱ्या वर्षी पावसाने दगा दिला, आणि पुढच्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. दुबळा होताच, आषाढही दोन होते.

इतिहासातला वन-टू पाहायचा असेल तर आमच्या मालव्यात त्याला तोटा नाही. होळकरांच्या घराचेच पाहा. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव पडले. १७६६ च्या मे महिन्यात सुभेदार मल्हारराव गेले, आणि वर्ष पुरते उलटण्याआधी, १७६७ मध्ये, नातू मालेराव. अहिल्याबाईंनी या तिन्ही आघातांनंतर राज्य हातात घेतले, ही गोष्ट शाळेतल्या पुस्तकात सगळ्यांनी वाचलेली आहे, तिच्यावर मी जास्त लिहीत नाही.

मला जास्त शिकवण्यासारखे वाटते ते १८१७ चे प्रकरण. यशवंतराव १८११ मध्ये भानपुऱ्याला वारले. गादीवर अजाण मल्हारराव दुसरे, कारभार तुळसाबाईंकडे, फौजेचा पगार थकलेला. पुण्याकडे ५ नोव्हेंबरला खडकीची लढाई होऊन दुसरे बाजीराव पळत सुटले होते. २० डिसेंबर १८१७ रोजी शिप्रेच्या काठी होळकरांच्याच लष्करी सरदारांनी तुळसाबाईंचा शिरच्छेद केला. दुसऱ्याच दिवशी, २१ डिसेंबरला, महिदपुरास सर थॉमस हिस्लॉप आणि जॉन माल्कम यांच्या फौजेशी गाठ पडली. होळकरांच्या तोफा चांगल्या चालल्या, इंग्रजांची माणसेही शेकड्यांनी कामी आली. पण दिवस बुडाला तो पराभवातच.

आमच्या पुस्तकांत धडा इथे संपतो : महिदपूरची लढाई, मराठ्यांचा पराभव, पुढचा धडा. हे मला पटत नाही. महिदपूर हा डाव्या हाताचा ठोसा होता. लढाई हरलेला राजा पुन्हा फौज उभी करू शकतो. यशवंतरावांनी हे आयुष्यभर केले होते. पाडणारा ठोसा सोळा दिवसांनी बसला, ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसौरला, आणि तो कागदाचा होता. त्या तहाने सातपुड्याच्या दक्षिणेचा सगळा मुलूख, खानदेशासह, होळकरांच्या हातून गेला. राजपूत संस्थानांची खंडणी गेली. अमीरखान टोंकचा आणि गफूरखान जावऱ्याचा स्वतंत्र धनी झाला. परराज्यांशी बोलण्याचा हक्क गेला आणि इंग्रजी तैनाती फौज आली. मुलांना मी सांगतो, पराभवाची तारीख पाठ केलीत तर तहाचीही करा.

त्या तहाने आमच्या राऊचेही नशीब ठरले. राजधानी इंदुरास स्थिरावली आणि तिथे इंग्रजांची रेसिडेन्सी आली. त्याच १८१८ मध्ये माल्कमने महूची छावणी वसवली. इंदूर-महू अंतर बावीस-तेवीस किलोमीटर, आणि राऊ साधारण मध्यावर. एका बाजूला रेसिडेन्सी, दुसऱ्या बाजूला छावणी. मघाशी ज्या म्हणीला मी पेच म्हणालो, ती इथे भूगोलात उतरली.

एकोणचाळीस वर्षांनी फासा उलटा पडला. १ जुलै १८५७ च्या सकाळी इंदुरात होळकरांच्या तोफा रेसिडेन्सीवर धडधडू लागल्या. पुढाकार सादतखानाचा. तिथला इंग्रज अधिकारी कर्नल ड्यूरंड काही तासांत रेसिडेन्सी सोडून सिहोरच्या वाटेने निघाला. महूला खबर गेली तेव्हा कॅप्टन हंगरफोर्ड आपला तोफखाना घेऊन मदतीला धावला. तो अर्ध्या वाटेवर, या आमच्या राऊपाशी पोचला, आणि इथे एका स्वाराने त्याच्या हाती कर्नल ट्रॅव्हर्सची पेन्सिलीने खरडलेली चिठ्ठी दिली : आम्ही माघार घेऊन सिहोरकडे चाललो आहोत. मदत ज्यांना करायची ते राहिलेच नव्हते. तोफखाना राऊवरून मागे फिरला. त्याच रात्री महूच्या देशी पलटणी उठल्या, आणि कर्नल प्लॅट, कॅप्टन फॅगन व मेजर हॅरिस हे अधिकारी मारले गेले.

सकाळी इंदूर, रात्री महू. इंग्रजांच्या दृष्टीने याहून नमुनेदार वन-टू कोणता? त्या दोन ठोशांच्या मधला क्षण राऊच्या रस्त्यावर, एका पेन्सिलच्या चिठ्ठीवर उभा होता. दोन्ही बाजूंचा मार मात्र बसला तो बावीस वर्षांच्या तुकोजीराव दुसऱ्यांना. उठाववाले म्हणत होते, आमच्यात या. त्यांनी नकार दिला, वाड्यात आसऱ्याला आलेल्या ख्रिस्ती लोकांनाही हवाली केले नाही. तरीही इंग्रजांचा संशय त्यांच्यावरून पुढे कितीतरी वर्षे हटला नाही. तोफा त्यांच्या होत्या ना! सादतखान सतरा वर्षांनी, १८७४ मध्ये, पकडला गेला आणि त्याला इंदुरात फाशी दिले.

गंमत अशी, की ज्या राजावर संशय घेतला त्याच्याकडूनच १८७० मध्ये एक कोटी रुपयांचे कर्ज रेल्वेसाठी घेण्यात आले, साडेचार टक्के व्याजाने, एकशे एक वर्षांच्या मुदतीने. खांडव्याहून इंदुरास येणारी ती मीटरगेज लाइन राऊवरून गेली. असो.

माणसांच्या पोटावर बसलेला मार याहून मोठा. मालवा म्हणजे काळी माती, पावलोपावली पाणी. मारवाडात दुष्काळ पडला की माणसे ढोरे हाकीत मालव्यात येत, हा शतकांचा रिवाज. विक्रम संवत १९५६, म्हणजे १८९९-१९०० साली, मालव्यातच पाऊस रुसला. म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात तो 'छप्पन्याचा काळ' म्हणून राहिला. पण त्याचे दुखणे दुहेरी होते. दुष्काळ माहीत नसल्याने साठवणीची सवय नव्हती, आणि वाटेने मारवाडची माणसे जुन्या भरवशावर येतच होती. ज्याच्या दारात आसरा मागायचा त्याचीच चूल थंड. या दोहोंतून मालवा उठतो न उठतो तोच, दोन-तीन वर्षांत, प्लेग आला. भुकेने खंगलेल्या शरीरावर प्लेग! पहिल्या ठोशाने मान वर करायची आणि दुसऱ्याने पाडायचे, ते हेच.

प्लेगने इंदुरास वर्षानुवर्षे पछाडले, आणि त्यातूनच शहर कसे सुधारावे हे सांगायला पॅट्रिक गेडिस हा स्कॉटिश नगररचनाकार बोलावला गेला. त्याचा दोन खंडांचा अहवाल १९१८ चा. पण अहवालापेक्षा त्याची दिवाळी मला जास्त आवडते. त्याने दिवाळीला नेहमीसारखी मिरवणूक काढली, पण तिचा मार्ग, जिथे लोकांनी घरे-गल्ल्या सर्वांत स्वच्छ केल्या असतील, तिकडून नेण्याचे जाहीर केले. मार्गाच्या आशेने मोहल्लेच्या मोहल्ले झाडून निघाले. मिरवणुकीत घाणीचा राक्षस होता आणि प्लेगचा भलामोठा उंदीर होता, दोघांनाही शेवटी जाळले. दुहेरी शत्रूचे दुहेरी दहन! त्याच १९१८ मध्ये मात्र पावसाने पुन्हा पाठ फिरवली आणि दिवाळीच्या सुमारास इन्फ्लुएंझाच्या साथीने देशभर थैमान घातले. हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे त्या साथीत गेली. उंदीर जाळता येतो, वाऱ्यावरून आलेल्या तापाचा पुतळा कसा करणार?

दुभाषी वाचकांसाठी एक शेवटचे जोडप्रकरण सांगायचे राहिले. होळकरशाहीचे दप्तर मोडीत, दरबारची बोली मराठी, रयतेची मालवी आणि हिंदी. १९१७ मध्ये इंदुरास मराठी साहित्य संमेलन भरले, गणेश जनार्दन आगाशे अध्यक्ष. पुढच्याच वर्षी, १९१८ मध्ये, हिंदी साहित्य संमेलन, अध्यक्ष महात्मा गांधी. १९३५ मध्ये तर एकाच वर्षात दोन्ही : हिंदीचे पुन्हा गांधीजींच्या अध्यक्षतेखाली, मराठीचे औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी यांच्या. शहराने दोन्ही मांडव घातले आणि कोणी कोणाचा मांडव मोडला नाही.

मग २८ मे १९४८ ला संस्थान मध्यभारतात गेले. ग्वाल्हेर हिवाळी राजधानी, इंदूर उन्हाळी. अर्धे का होईना, राजधानीपण उरले होते. १ नोव्हेंबर १९५६ ला मध्यप्रदेश झाला आणि तेही भोपाळला गेले. कारभारातली मराठी पहिल्या ठोशाला डळमळली, दुसऱ्याला खाली बसली. मी त्यासाठी कोणाला दोष देत नाही. रयतेच्या भाषेत कारभार चालावा हे न्याय्यच आहे. पण घरातल्या मराठीचे काय? तिच्यावर एका बाजूने बाजाराची हिंदी आणि दुसऱ्या बाजूने शाळेची इंग्रजी. माझ्या शाळेत मराठी आडनावांची मुले पुष्कळ आहेत. त्यांतली बहुतेक आजीशी मराठी बोलतात, आईशी मिसळीची, आणि एकमेकांशी इंदुरी हिंदी. २००१ मध्ये इंदुरास पुन्हा मराठी साहित्य संमेलन झाले, विजया राजाध्यक्ष अध्यक्ष होत्या. पुस्तकांच्या गाळ्यांवर गर्दी होती हे आनंदाने नोंदवतो, पण त्या गर्दीत केस पांढरे झालेले जास्त होते हेही नोंदवायला हवे.

त्या नववीच्या मुलीने वार्षिक परीक्षेत 'डबल व्हॅमी'चे वाक्य लिहिले. राऊच्या आसपास बटाट्याची शेती मोठी, आणि तिच्या घरची तीच. इंग्रजीतून तिने लिहिले, की बटाट्याचा भाव पडला आणि कोल्ड स्टोरेजचे भाडे बटाट्यापेक्षा जास्त झाले, म्हणून वडिलांनी पोती सोडवलीच नाहीत. खाली, प्रश्नपत्रिकेने मागितले नसताना, कंसात देवनागरीत तिची पुस्ती होती : "आजी म्हणते, दुबळा आणि दोन आषाढ." हिंदी म्हण, मराठी प्रत्यय लावून घेतलेली. इंग्रजीच्या शिक्षकांनी त्या कंसावर लाल रेघ मारली होती. मी उत्तरपत्रिका परत मागवून घेतली, रेघेशेजारी बरोबरची खूण केली, आणि बेरीज पुन्हा केली.